ॲपल पाय, कॉबलर आणि लेमन बार : या चुका टाळा

करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घालायचे, हे आपल्या हातांना इतके ठाऊक असते की ॲपल पायची पारी करायला घेतल्यावरही अनेक जणी बटर वितळवूनच सुरुवात करतात. गेली बारा वर्षे मी पुण्यात बेकिंगचे वर्ग घेते आहे आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत पहिल्याच दिवशी ही चूक पाहते. ती एकदा नीट समजली की पारीच्या बऱ्याचशा तक्रारी आपोआप मिटतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

गरम मोहन पिठाच्या कणाकणाला लागते आणि पारी खुसखुशीत होते. करंजीला तेच हवे असते. पायच्या पारीला मात्र पदर सुटायला हवेत. त्यासाठी बटर पिठात पूर्ण मुरून चालत नाही, त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे पिठात शिल्लक राहावे लागतात. लाटताना हे तुकडे चपटे होऊन थराथरांत पसरतात, ओव्हनमध्ये वितळतात, आणि बटरमध्ये जे साधारण 16 टक्के पाणी असते त्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. चिरोट्यात साटा जे काम करतो, तेच इथे बटरचे थंड तुकडे करतात. बटर मात्र 32 ते 35 अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मे महिन्यातल्या दुपारी पुण्यातल्या स्वयंपाकघराचा ओटाच तेवढा तापलेला असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात, सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवी वाढदिवसाला मी हापूसचा पाय करायला घेतला. पाहुणे संध्याकाळी पाचला यायचे होते आणि मी एक वाजता पीठ भिजवले. मधल्या फोनांमुळे बटर ओट्यावरच राहिले, पीठ हाताला चिकटू लागले, आणि ते फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी मी मुठीमुठीने मैदा भुरभुरत गेले. पोळी लाटल्यावर ती टिनच्या कडांपर्यंत पुरेना, तेव्हा बोटांनी ताणून बसवली आणि तशीच ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, सरकवली. पंधरा मिनिटांत कडा घसरून तळाशी आल्या, वितळलेले बटर सुट्या तळाच्या टिनमधून खालच्या रॉडवर ठिबकू लागले आणि धुराने घर भरले. पाहुण्यांना आंब्याचे सारण वाट्यांमधून सायीबरोबर द्यावे लागले.

त्या दिवशी जे जे बिघडले, त्याला वेगवेगळी कारणे होती. मऊ बटरमुळे पदरांना आधारच उरला नव्हता. वरून घातलेल्या मैद्याने पारी चिवट झाली. आणि ताणून बसवलेली पारी, विश्रांती न मिळाल्याने, ग्लुटेनच्या, म्हणजे मैद्यातल्या लवचीक प्रथिनाच्या, ओढीने आपल्या मूळ आकाराकडे परत गेली. तेव्हापासून मी 300 ग्रॅम मैदा आणि 200 ग्रॅम बटरचे तुकडे, दोन्ही परातीसकट वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवते. पाणी बर्फाचे वापरते, तेही 80 ते 100 मिलिलिटरपेक्षा अधिक नाही, आणि एकदम न ओतता चमच्याचमच्याने घालते. मुठीत दाबल्यावर मुटका वळला की पुरे. पोळीच्या कणकेसारखे ते मळायचे नसते. गोळा दाबून चपटा करते आणि निदान एक तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवते. टिनमध्ये बसवल्यावर पुन्हा अर्धा तास थंड करते. पीठ चिकटू लागले, तर मैद्याच्या डब्याकडे न जाता फ्रिजकडे जावे. उन्हाळ्यात हे सगळे मी सकाळी सहाला उरकते. हा एक तास ज्यांना जड वाटतो, त्यांनी त्या दिवशी पाय करू नये, कॉबलर, म्हणजे फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ, करावा, असे मी वर्गात स्पष्ट सांगते.

नेहमीचे पिवळे बटर खारवलेले असते, त्यामुळे पारीत वेगळे मीठ घालू नये. मैद्याऐवजी सगळी कणीक घेतली, तर ती पाणी जास्त शोषते आणि पारी जड होते. चौथा हिस्सा कणीक मात्र खुशाल घ्यावी, तिची चव मला आवडते. मैदा वाटीने न मोजता वजनाने मोजावा, कारण एकच वाटी दाबून भरली की तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो.

पारीचा तळ कच्चा राहिल्याची तक्रार बहुधा ओटीजी पुरेसा न तापवल्यामुळे असते. दिवा विझला म्हणजे आतले सगळे तापले असे नाही. मी वीस मिनिटे थांबते आणि आत एक वेगळा थर्मामीटर ठेवते, कारण बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत वीस अंशांचे अंतर मी स्वतः मोजलेले आहे. दोन्ही रॉड चालू ठेवावेत, पाय सर्वांत खालच्या कप्प्यात तापलेल्या ट्रेवर ठेवावा, पहिली वीस मिनिटे 200 अंशांवर आणि नंतर 180 वर भाजावा. टिन धातूचाच घ्यावा. फ्रिजमधून काढलेली काचेची डिश तापलेल्या ट्रेवर ठेवली तर तडकू शकते. लिंबाच्या सारणासारखे पातळ सारण भरायचे असेल, तर पारी आधी एकटीच, वर बटर पेपर आणि कोरडे राजमे पसरून भाजून घ्यावी. ते राजमे नंतर शिजत नाहीत, म्हणून मी त्यांची बरणीच वेगळी ठेवली आहे.

आता सफरचंदांविषयी. हिमाचलमध्ये लाल डेलिशस जातीची लागवड 1916 च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी कोटगढला सुरू केली, आणि आपल्या मंडईत आजही बरीचशी फळे त्याच घराण्यातली असतात. ही फळे खायला गोड असतात, पण त्यांना आंबटपणा कमी असतो आणि भाजल्यावर ती मऊ पडून त्यांचा लगदा होतो. अमेरिकेतल्या पाककृतींत बहुधा ग्रॅनी स्मिथसारखे हिरवे, आंबट, टणक सफरचंद गृहीत धरलेले असते. ते महाग वाटत असेल, तर निम्मे निम्मे घ्यावे आणि किलोभर फोडींना एका मोठ्या लिंबाचा रस लावावा. फोडींना साखर चोळून अर्धा तास चाळणीत ठेवावे, खाली जमलेला रस आटवून निम्मा करावा आणि मग तो फोडींत परत घालावा. हा रस फेकून देणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सफरचंदाची सगळी चव त्यातच उतरलेली असते.

दुसरी मोठी चूक म्हणजे पाय गरम असताना कापणे, आणि तिच्यामागे अधीरतेशिवाय दुसरे कारण मला सापडलेले नाही. सारणातले कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ पोचल्यावर घट्ट होते खरे, पण ते धरते निवताना. माझ्या एका विद्यार्थिनीने घरी फार सुरेख जाळीचा पाय केला होता. वरून तो सोनेरी दिसताच तिने बाहेर काढला आणि दहाव्या मिनिटाला सुरी घातली. सगळा रस ताटलीत आला, पारी भिजली, आणि पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर दुप्पट घालायचे असे तिने ठरवले. तसे केल्यावर सारण खळीसारखे झाले. मुळात प्रमाण बरोबरच होते; किलोभर सफरचंदांना तीन मोठे चमचे पुरतात. कमी पडला होता तो भाजण्याचा आणि निवण्याचा वेळ. कडेचे बुडबुडे पाहून फसू नये; जाळीच्या मध्यभागी सारण दाट, संथ बुडबुड्यांनी खदखदेपर्यंत पाय आतच राहू द्यावा आणि तोवर वरची पारी फार तांबूस होत असेल, तर तिच्यावर फॉइल टाकावा. त्यानंतर तो तारेच्या जाळीवर चार तास निवू द्यावा. मी पाय आदल्या दिवशी रात्री करते आणि स्वयंपाकघराचे दार लावून घेते. गरमच खायचा असेल, तर निवलेल्या पायची फोड पुन्हा दहा मिनिटे ओटीजीत ठेवावी.

कॉबलरला खालची पारी नसते, म्हणून तो सोपा समजला जातो, आणि तो सोपाच आहे. फक्त थंड फळांवर पिठाचे गोळे घालू नयेत, कारण ते खालून कच्चे राहतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी असोत की करकरीत हापूसच्या फोडी, त्या आधी दहा-पंधरा मिनिटे ओव्हनमध्ये तापवून घ्याव्यात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पीच कॉबलरमध्ये वितळलेल्या बटरवर सरसरीत पीठ ओततात आणि त्यावर फळे पसरतात. ते ढवळायचे नसते, पीठ आपोआप फुगून फळांभोवती वर येते. बेकिंग पावडर जुनी असेल तर ते येणार नाही. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी, ताबडतोब फसफसली नाही तर नवी आणावी.

लेमन बारमध्ये, म्हणजे भाजलेल्या पारीवर लिंबाच्या सारणाचा थर असलेल्या वड्यांमध्ये, बहुतेक जणी एकाच ठिकाणी चुकतात : तळाची बिस्किटासारखी पारी फिकट असतानाच तिच्यावर सारण ओततात. ती कडेने सोनेरी झाली पाहिजे, आणि सारण ती गरम असतानाच घालावे, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरतात. आपल्याकडचे बहुतेक टिन ॲल्युमिनियमचे असतात आणि लिंबाचा रस त्यांना लागला की धातूची चव उतरते, म्हणून बटर पेपर कडांच्या वरपर्यंत लावावा. वर राहिलेल्या टोकांना धरून पुढे सगळा थर सहज उचलताही येतो. मध्यभाग किंचित हलत असतानाच टिन बाहेर काढावा, निवल्यावर दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा, आणि कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, प्रत्येक कापानंतर स्वच्छ पुसून घ्यावी.