कुंडीला थेंब थेंब पाणी देताना या चुका टाळा

मे महिन्यात पणजी-मडगावातील फ्लॅट बंद करून आठवडाभर बाहेर जाताना अनेकजण कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचून निर्धास्त होतात. परतल्यावर एक तर बाटली भरलेलीच असते आणि झाड वाळलेले असते, किंवा बाटली पहिल्याच दिवशी रिकामी झालेली असते.

बाटलीतून जेवढे पाणी बाहेर पडते तेवढी हवा आत शिरावी लागते, आणि बहुतेकांच्या हातून नेमके हेच सुटते. टोपणाला दाभणाने भोक पाडले, पण वर आलेल्या बुडाला सुईएवढेही छिद्र ठेवले नाही, तर घट्ट मातीत पाणी अडते आणि पातळ प्लास्टिक आत ओढले जाऊन बाटली चेपते. याउलट छिद्र ठेवले आणि टोपणाचे भोक मोठे असले, तर नारळाच्या भुशाच्या भुसभुशीत मिश्रणातून सारे पाणी तासाभरात खालच्या ताटलीत उतरते. म्हणून टोपणाचे भोक आधी शक्य तितके बारीक पाडावे, त्यात माती शिरू नये म्हणून तोंडाला सुती कापड बांधावे, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री नव्हे, तर तीन-चार दिवस आधीच बाटली लावून वेग पाहावा. भुसा पूर्ण सुकलेला असेल तर तो पाणी धरत नाही, ते कडेने निसटते; तेव्हा कुंडी आधी भिजवून घेणे अत्यावश्यक आहे.

माझ्या मते एक टोक पाण्याच्या भांड्यात आणि दुसरे कुंडीतील मातीत ठेवलेली सुती वात अधिक भरवशाची आहे. मात्र नायलॉनची साधी दोरी पाणी नीट ओढत नाही, आणि सुती वातसुद्धा कोरडी लावल्यास अनेकदा ओढ धरत नाही. पाण्याचे भांडे कुंडीपेक्षा उंच ठेवले तर वात सायफनसारखी वाहत राहते व मुळे कुजतात; फार खाली ठेवले तर पाणी वर चढत नाही. पाण्याची पातळी मातीच्या किंचित खाली असावी.

सलाईनची नळी वापरायची तर नवीच आणावी, वापरलेली कधीही नको. नेहमीच्या संचात 20 थेंबांचा साधारण 1 मिलिलिटर होतो, म्हणजे दर 10 सेकंदांना एक थेंब पडला तरी दिवसाला सुमारे 430 मिलिलिटर पाणी जाते. लहान मनीप्लांटला हे फारच जास्त आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले मडके पाणी भरून कुंडीच्या मातीत पुरायचे असेल, तर ते रंगवलेले किंवा चकाकी दिलेले नसावे, कारण तशा मडक्यातून पाणी पाझरत नाही.

चवथीला गावी जाताना पाऊस चालूच असतो आणि हवा दमट असते, त्यामुळे त्या दिवसांत बहुतेक कुंड्यांना ठिबक लावूच नये. कोणत्याही ऋतूत पाण्याचे भांडे मात्र बारीक जाळीने घट्ट झाकावे, कारण डेंग्यू पसरवणारे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतात.