स्क्रीन बनवण्याआधी सेकंद मोजा

आमच्या गावच्या दूध सोसायटीची नोंदणी स्क्रीन मी बदलायला घेतली, तेव्हा आधी कोड लिहिला नाही. वहीत हिशेब मांडला. तुम्हीही तसंच करा.

यासाठी 1980 साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी मांडलेलं 'कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल' पुरतं. सरावलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीला ठरावीक वेळ: साधारण टायपिंग येणाऱ्याला एक की दाबायला 0.28 सेकंद, माउसने नेम धरायला 1.1, क्लिकला 0.2, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला 0.4 आणि मनात ठरवायला 1.35.

आता सोसायटीत चला. वजन काट्यावरून आणि फॅट मशीनवरून आपोआप येतं. सचिवांनी टाकायचा तो तीन आकडी सभासद क्रमांक आणि गाय की म्हैस. जुन्या स्क्रीनवर क्रमांकाआधी एक विचार, तीन की, गाय-म्हैस ठरवायला दुसरा विचार, हात माउसवर, यादी उघडायला, त्यातून निवडायला आणि 'जतन करा'ला मिळून तीनदा नेम नि क्लिक, मग हात परत. बेरीज 8.24 सेकंद. माउस काढून टाकला, गायीला 1, म्हशीला 2 आणि शेवटी एंटर ठेवला, की 4.10. रांगेत दीडशे जण असले तर दहा मिनिटं वाचतात, आणि सकाळी कॅन घेऊन उभ्या माणसाला ती फार असतात!

खरी गोम 'विचार' कुठे धरायचा यात आहे. तो हवा तिथे गाळला की आपलीच नवी स्क्रीन जिंकते. म्हणून एकच नियम ठरवा आणि दोन्ही स्क्रीनला तोच लावा.

आणि हिशेबाआधी तासभर नुसतं बघत बसा. मी आधी गायीला G, म्हशीला M दिलं होतं, कागदावर झकास. प्रत्यक्षात सचिवांच्या डाव्या हातात नमुन्याची बाटली! उजवा हात आकड्यांवरून अक्षरांवर आणि परत. म्हणून 1 आणि 2.

हे मॉडेल माणूस चुकत नाही असं धरून चालतं, पण माणूस चुकतो. सचिव म्हणाले, "म्हशीचं दूध गायीच्या दरात गेलं तर माझ्या दारात भांडण येईल." म्हणून एंटरआधी पडद्यावर ठळक अक्षरांत 'म्हैस' दाखवलं. ते वाचून खात्री करायला आणखी 1.35 धरले. झाले 5.45.