प्रेस दाब घेईना म्हणून रिलीफचा स्क्रू पिळताय? थांबा, या चुका टाळा

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत जावा नाहीतर उद्यमनगरात, हायड्रॉलिक प्रेस दाब घेईना झाली की पहिला माणूस ॲलन की घेऊन रिलीफ वाल्व्हकडंच, म्हणजे जादा दाब टाकीत सोडणाऱ्या वाल्व्हकडंच पळतो, स्क्रू पिळून त्याचं सेटिंग वाढवायला. मीपण तेच करायचो. एकदा लॉकनट सैल करून स्क्रू पार तळाला नेला तरी गेजचा काटा जागचा हलेना, मग कळलं की सिलिंडरचं सील गेलंय आणि ऑइल पिस्टनच्या कडेनं आतल्या आतच पलीकडं जातंय. सील बदललं, प्रेस चालू केली, पण स्क्रू तसाच तळाला राहिलेला, काटा गेला की डायलच्या टोकाला! होज फुटली नाही हे नशीब.

आपण बोलताना पंप प्रेशर देतो म्हणतो आणि घोळ तिथंच होतो. पंप फ्लो देतो, लोड त्याला अडवतो म्हणून प्रेशर चढतं. रॅम, म्हणजे जॉब दाबणारा दांडा, हवेतनं खाली येताना गेज कमी दाखवणारच, जॉबला टेकल्यावर किती दाखवतंय ते बघा. रॅम हळू चालला तर आधी फ्लो तपासा, टनेज, म्हणजे दाबायची ताकद, कमी पडलं तर प्रेशर.

रिलीफ आणि रिड्यूसिंग वाल्व्ह एकच समजणारे लई भेटतात. रिलीफ एरवी बंद असतो, पंपाकडचं प्रेशर बघतो आणि सेटिंगच्या वर गेलं की ऑइल टाकीत सोडतो. रिड्यूसिंग एरवी उघडा असतो, त्याचं लक्ष पुढच्या लाइनवर, तिथं दाब भरला की आवळत जातो. जॉब धरणाऱ्या क्लॅम्पला कमी दाब पाहिजे म्हणून मेन रिलीफ उतरवला तर सगळ्या मशीनचाच दम निघाला म्हणून समजा.

युनिटचं तर विचारूच नका. ‘दोन हजारला लाव’ म्हणणारा पीएसआयमध्ये बोलत असतो, म्हणजे साधारण १३८ बार, आणि ‘दीडशे किलो’ म्हणणारा चौरस सेंटिमीटरला किती किलो ते सांगत असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, एवढं गेजशेजारी खडूनं लिहून ठेवा.

सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर वाल्व्ह सरकवणाऱ्या चुंबकाची, एसी कॉइल परत परत जळतीय? नवी टाकायच्या आधी स्पूल, म्हणजे वाल्व्हच्या आत सरकणारा दांडा, बघा, कारण कचऱ्यानं अडकून स्पूल पूर्ण सरकला नाही तर एसी कॉइल जादा करंट ओढतच राहते आणि जळते. २४ व्होल्ट डीसीची तशी जळत नाही. फाउंड्रीत वाळू उडत असती, त्यात टाकीची ब्रीदर कॅप, म्हणजे आत जाणारी हवा गाळणारं झाकण, हरवलेली, मग कॉइलवाल्याला शिव्या घालून काय उपयोग?

आणि साखर कारखान्याच्या मिलवर काम करणाऱ्यांनी ॲक्युम्युलेटरकडं, म्हणजे गॅसच्या जोरावर ऑइलचा दाब साठवणाऱ्या बाटल्याकडं, जरा जपून. पंप बंद केला, मेन गेज शून्यावर आलं, तरी मध्ये चेक वाल्व्ह, म्हणजे ऑइल एकाच दिशेनं जाऊ देणारा वाल्व्ह, असला तर ॲक्युम्युलेटरच्या बाजूला दाब तसाच कोंडलेला असतो. आधी ब्लीड वाल्व्हनं ऑइल टाकीत सोडा, त्याच बाजूचं गेज शून्य झालेलं डोळ्यानं बघा, मगच पाना लावा. गॅस भरताना नायट्रोजनच. जवळ वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर उभा असला तरी त्याला हात लावायचा नाही, ऑइल आणि ऑक्सिजन दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो.