शारीरिक शिक्षणाच्या तासाला पत्रके वापरताना या चुका टाळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र शिक्षक नसतो. वर्गशिक्षकच शिट्टी घेऊन मैदानावर उतरतात, आणि खेळाचे नियम व सूचना लिहिलेले छोटे पत्रक त्यांना मोठाच आधार देते. मात्र ते चुकीच्या वेळी हाती पडले, तर मुलांचा खेळच कमी होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मैदानावर मुलांना ओळीत बसवून पत्रक वाचून घेणे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतला मोठा भाग त्यातच जातो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा शाळेतली ही मिनिटे बसण्यात घालवणे परवडणारे नाही. पत्रक आदल्या दिवशी मराठीच्या तासाला वाचून घ्यावे आणि मैदानावर त्यातील एक-दोन वाक्यांचीच आठवण करून द्यावी.

दुसरी चूक म्हणजे एकाच पानावर सगळे नियम कोंबणे. खो-खोचेच पाहा. आठ खेळाडू बसलेले, शेजारच्यांची तोंडे विरुद्ध दिशांना, नववा पाठलाग करणारा. खो पाठीमागूनच द्यायचा आणि तो मिळेपर्यंत उठायचे नाही. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पहिल्या पत्रकात एवढेच पुरे. सोबतचे चित्र वरून पाहिल्यासारखे काढून प्रत्येक खेळाडूच्या तोंडाची दिशा बाणाने दाखवावी, कारण बाजूने काढलेल्या चित्रातून नेमके तेच कळत नाही. एवढे करूनही मुले खो मिळण्याआधी उठत असतील, तर आणखी एक पत्रक देऊन उपयोग नाही; चौघांना बसवून तेवढीच कृती संथ गतीने करून दाखवावी.

काही मुलांना मजकूर वाचताच येत नाही, हेही अनेकदा लक्षात घेतले जात नाही. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुले वर्गात असतात, तर ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांचे वाचन मागे पडलेले असते. त्यांच्यासाठी चित्रे मोठी आणि वाक्ये चार-पाच शब्दांची असावीत.

आजारी किंवा दुखापत झालेल्या मुलाला शिक्षा दिल्यासारखे पत्रक उतरवून काढायला लावू नये. किती खो पाठीमागून दिले गेले आणि किती समोरून, याची नोंद त्याच्याकडे सोपवली, तर बाहेर बसूनही तो खेळ शिकतो.

पाटण, जावळीच्या पावसात मैदान आठवडेच्या आठवडे हाती लागत नाही. तेव्हा पत्रकाची लेखी परीक्षा करण्यापेक्षा बाके सरकवून सूर्यनमस्काराच्या बारा स्थितींचे चित्रपत्रक भिंतीवर लावावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ही माहिती मुले आवडीने वाचतात, पण तिची जागा पत्रकाच्या मागच्या बाजूला.

‘घरी अर्धा तास व्यायाम करून पालकांची सही आणा’ अशा सूचनेतून नुसत्या सह्याच जमा होतात. त्याऐवजी भावंडाबरोबर लंगडी खेळण्यासारखे अंगणात जमेल असे एकच काम लिहावे. छपाईला देताना फाइल पीडीएफ करूनच द्यावी, नाहीतर कृतिदेव या मराठी फॉन्टमधील अक्षरे झेरॉक्सच्या दुकानात बदलून येतात. पत्रक चार मुलांत एक पुरते. त्याला प्लास्टिकचे आवरण घातले की ते पुढच्या वर्गालाही वापरता येते.