यूफोनियम घ्यायचंय? आधी मागची बाजू बघा

ट्रम्पेटवाल्यांची गोव्यात कधीच वानवा नव्हती. फेस्त, तियात्र, लग्न, मयत, सगळीकडे ट्रम्पेट लागतोच. त्यामुळे ट्रम्पेट शिकणाऱ्याला सांगणारे शंभर भेटतात. हे लिहितोय ते भलत्याच वाटेला लागलेल्यांसाठी: यूफोनियम (ट्रम्पेटहून बरंच मोठं, खालच्या सुरांचं पितळी वाद्य), बॅरिटोन, टेनर हॉर्न, नाहीतर कुणाच्या माळ्यावर सापडलेलं एखादं निनावी पितळी धूड. त्यातही फोंडा-डिचोलीकडून, भजनात पेटी वाजवून आलेल्यांसाठी जास्त, कारण मी त्यातलाच.

पेटीची सवय इथे आडवी येते. पट्टी दाबली की सूर मिळतो, हे बोटांत इतकं मुरलेलं असतं की वाल्व (बोटाने दाबायचा पिस्टन) म्हणजेही पट्टीच वाटते. वाल्व सूर देत नाही, फक्त नळी लांब करतो. सूर ओठांतून येतो. देवळातलं शिंग आठवा. त्याला ना भोक ना कळ, तरी वाजवणारा नुसत्या ओठांच्या ताणावर तीन-चार सूर काढतो. वाल्वला हात न लावता यूफोनियम फुंकलंत तर चढत्या क्रमाने सा, प, सा, ग, प, मग एक बराच उतरलेला कोमल नी आणि वरचा सा एवढंच मिळतं. यातला ग म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येतो तोच गंधार. बँडच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. आपल्या कानाला गोड लागतो आणि बँडमध्ये बोलणी बसतात.

या सुरांमधल्या मोकळ्या जागा कशा भरायच्या, यावर लोकांनी काय काय करून पाहिलं आहे. सर्पंट नावाचं जुनं वाद्य घ्या: लाकडाचा, वरून चामडं मढवलेला, अंगाला बासरीसारखी भोकं, तरी गणना पितळी वाद्यांत, कारण वाजतो ओठांनी. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, पण रीडवर वाजतो म्हणून त्या घरात नाही. १८१७ मध्ये पॅरिसला ऑफिक्लाइड हा पितळी वाद्यप्रकार आला, त्याला कळा होत्या. १८१८ मध्ये बर्लिनमध्ये स्टोल्त्सेल आणि ब्लूमेल यांनी वाल्वचं पेटंट घेतलं, आणि पुढे कळांची वाद्यं हळूहळू मागे पडली.

आता मुद्द्याचं. इथे मी अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

बी-फ्लॅट यूफोनियमची नळी साधारण पावणेतीन मीटर. दुसरा वाल्व सूर एक अर्धस्वर (पेटीवरची लगतची पट्टी, काळी-पांढरी धरून) उतरवतो, पहिला दोन, तिसरा तीन. मग पहिला आणि तिसरा मिळून पाच अर्धस्वर उतरायला हवेत. उतरत नाहीत. दोन अर्धस्वरांसाठी नळी सव्वाबारा टक्के वाढावी लागते, तीनसाठी जवळजवळ एकोणीस टक्के. वाल्व या दोन वाढी नुसत्या बेरजेने जोडतात: सव्वाएकतीसच्या आसपास. पाच अर्धस्वरांना साडेतेहतीस टक्के लागतात. शाळेतलं गणित आहे हे: कानाला हवं असतं चक्रवाढ व्याज, वाल्व देतात सरळव्याज. पावणेतीन मीटरवर ही तूट सहा सेंटिमीटरहून जास्त येते. तिन्ही वाल्व दाबले की ती बारा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि सूर अर्ध्या अर्धस्वराने चढा लागतो. कारखानदार तिसऱ्याची नळी मुद्दाम थोडी लांब ठेवतात, पण मग एकटा तिसरा उतरतो. म्हणून तीन अर्धस्वरांसाठी पहिला-दुसरा एकत्र दाबायची पद्धत आहे.

चौथा वाल्व एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो, तो आला की पाच अर्धस्वरांचा प्रश्न सुटतो, आणि नवशिक्याला वाटतं झालं काम. झालेलं नसतं! चौथा दाबल्यावर नळी आणखी लांब होते, आणि त्या लांब नळीला आधीच्या तीन वाल्वांची वाढ आणखीच तोकडी पडते. यावर लंडनच्या बूझी कंपनीतल्या ब्लेकली यांनी १८७४ मध्ये तोड काढली: चौथा दाबला की हवा वाल्वांतून दुसऱ्यांदा फिरते आणि वाटेत जादा छोट्या नळ्यांतून जाते. तूट तिथल्या तिथे भरते. हेच कॉम्पेन्सेटिंग.

माझ्या पदरात पडलं ते चार वाल्वचं, पण कॉम्पेन्सेटिंग नसलेलं. विकणारा 'फोर वाल्व, प्रोफेशनल' एवढंच म्हणत राहिला. खर्जात शिरलो की सगळे माझ्याकडे वळून बघायचे आणि मी आपला ओठांना दोष देत बसायचो. तेव्हा घेण्याआधी वाद्य उलटं करा. वाल्वांच्या मागे छोट्या जादा वळ्या दिसल्या पाहिजेत. चौथा वाल्व बाजूला, डाव्या हाताला आहे यावर भुलू नका, साध्या वाद्यांतही तो तिथे असतो. खात्री करायची असेल तर चारही वाल्व दाबून अगदी खालच्या खर्ज सा-च्या लगतचा कोमल रे काढून बघा. साध्या वाद्यावर तो हिशेबाने पावणेदोन अर्धस्वर चढा येईल, म्हणजे येणारच नाही.

पण घाबरू नका. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तीन वाल्वचं साधं वाद्य पुरतं, मधल्या सप्तकात हे काही जाणवत नाही. पेटीवाल्यांना एक फायदाही आहे. ट्रेबल क्लेफमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिलेला दो वाजतो बी-फ्लॅट. यावर इतरांचं डोकं फिरतं, आपल्याला नुसतं 'काळी पाचचा सा' म्हटलं की विषय संपला.

फोनवरचा ट्यूनर समोर ठेवून रियाझ करू नका. माझं हे मत लोकांना पटत नाही, नको पटू दे. काटा बघून ओठ सुधारत नाहीत. तानपुरा लावा आणि लांब सूर धरा. शिक्षक शोधायचा तर पोलीस बँडमधून निवृत्त झालेला एखादा वादक गाठा. सहा महिने नुसतं सोल्फेजिओ (स्वरलिपी बघून दो-रे-मी म्हणणं) करून घेतील, शिव्या घालतील, पण ओठ वाचवतील. 'एका महिन्यात तीन सप्तकं' शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. माउथपीस ओठांवर दाबून वरचे सूर काढायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

जुनं ब्रिटिश वाद्य स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक बघा. १९६० च्या दशकापर्यंत तिथल्या ब्रास बँडचं ट्यूनिंगच चढं होतं, आजच्यापेक्षा जवळजवळ अर्धा अर्धस्वर. मुख्य स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) पूर्ण ओढूनही ते खाली येईलच असं नाही. माउथपीसची शँकही (वाद्यात बसणारं टोक) लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत येते, तेव्हा आपला माउथपीस खिशात घालूनच जा.

पावसाळ्यात वाद्य पेटीत बंद ठेवलंत तर पिस्टन धरतात. रोज थेंबभर तेल, आणि समई घासायची चिंच चुकूनही नको. पिस्टनवर १ ते ४ आकडे कोरलेले असतात. पुसताना अदलाबदल झाली तर हवा अडते आणि वाद्य मुकं होतं. दुकानात धावण्याआधी ते आकडे बघा.