बारमध्ये जा, मासळी मिळते ती जागा

वरचं वाक्य हा क्रिप्टिक, म्हणजे शब्दांशी खेळणाऱ्या, शब्दकोड्यातला एक क्लू आहे. त्याच्या पुढे कंसात (३) लिहिलेलं असतं, म्हणजे उत्तर तीन अक्षरी. बहुतेक जण आधी भाऊचा धक्का, ससून डॉक असं काहीतरी सुचवतात आणि मग अक्षरं मोजून गप्प होतात. उत्तर आहे 'बाजार'. 'बार' या शब्दाच्या मध्ये 'जा' घाला: बा-जा-र. म्हणजे 'जा' हा हुकूम नव्हताच, ते नुसतं एक अक्षर होतं. आणि 'बार' प्यायचा नव्हता, फोडायचा होता.

मी मशीद बंदरला एका सुक्यामेव्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. ठाण्याहून येता-जाता गाडीत इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक शब्दकोडं सोडवते. डब्यातल्या बायका विचारतात, "ताई, एवढं इंग्रजी येतं तुम्हाला?" नाही येत. शाळा मराठी, कॉलेजही बेताचंच. क्रिप्टिकला फार शब्द लागत नाहीत, वाक्याकडे संशयाने बघायची सवय लागते. ती सवय आपल्या भाषेतून लवकर जडते असं माझं ठाम मत आहे. म्हणून कोणाला शिकवायचं झालं की आधी मराठीत रचलेले क्लू देते. इथले सगळे माझेच आहेत.

साध्या शब्दकोड्यात 'सूर्य (२)' असं येतं. रवी लिहा, भानू लिहा, मित्र लिहा. आडव्या-उभ्याला जुळलं तर बरोबर, नाहीतर खोडरबर. क्रिप्टिकमध्ये उत्तराकडे दोन वाटा असतात. क्लूच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात अक्षरांचा खेळ. अर्थ सुरुवातीला असेल किंवा शेवटी, मध्ये कधीच नाही. दोन्ही वाटा एकाच शब्दावर आल्या की पेनाने लिहायला हरकत नाही, आडवं-उभं जुळायची वाट बघायची गरज नाही. मला या प्रकाराचं वेड लागलं ते या खात्रीपायी.

ॲफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये याचा नियम सांगून ठेवलाय: कोडेकाराच्या मनात वाक्यातून दिसतो तोच अर्थ असायला हवा असं नाही, पण जे मनात आहे ते त्याने शब्दांत मांडलेलं असलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका.

आता खेळ बघू. सगळ्यात सोपा लपवाछपवीचा: "राजे वणवणले, पोटात दुपारचा डबा (३)". 'पोटात' हा इशारा. 'राजे वणवणले' हे शब्द सलग, मधली जागा विसरून वाचा: रा-जे-व-ण-व-ण-ले. सापडलं जेवण? उत्तर डोळ्यांसमोर छापलेलं असतं आणि तरी दिसत नाही, म्हणून नवख्या माणसाने प्रत्येक क्लूत आधी हेच तपासावं.

मग उलटापालट. "गरीब नदी उलटी वाहते (२)". नदी उलटी केली की दीन, म्हणजेच गरीब. इथे अर्थ पहिल्या टोकाला आहे. आणि माझा लाडका: "रवा परतताना बसला घाव (२)". स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला यात हात भाजलेलाच दिसणार. पण परतणं म्हणजे मागे फिरणंही. र-वा मागे फिरवा: वार. 'बसला' हा नुसता सांधा. उलटं, माघारी, फिरून, परत असे शब्द दिसले की थांबायचं. इंग्रजी कोड्यात उभ्या शब्दासाठी 'वर चढणारा' असाही इशारा येतो, कारण उभा शब्द उलटला की खालून वर वाचावा लागतो. कोडेकारांना या खेळाचं इतकं प्रेम की लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'साठी १९७२ पासून कोडी रचणाऱ्याने आपलं टोपणनावच अझेड घेतलं. देझा नावाच्या स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचं नाव इंग्रजीत उलटं लिहिलं की ते होतं.

अक्षरं पिंजायचा खेळ इंग्रजीत सर्रास चालतो, मराठीत कमी जमतो, कारण आपलं अक्षर मात्रेसकट एका घरात बसतं आणि मात्रा सुटी करता येत नाही. तरी एक देते: "कलम विस्कटून आलेलं फूल (३)". क-ल-म विस्कटलं की कमल. विस्कटलं, मोडलं, बिघडलं, वेड लागलं, दारू प्यालं, असला कोणताही गोंधळ दाखवणारा शब्द या कामाला चालतो. त्याच्या शेजारच्या शब्दांतली अक्षरं मोजा. बेरीज कंसातल्या आकड्याइतकी आली तर तीच पिंजायची. आकड्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला ही मोजणी फार आवडते.

जोडणी सोपी: "काम थंड, तरी घाम गाळणारा (४)". काम आणि गार, कामगार. छाटणी त्याहून सोपी: "सरकार शेवटी पडलं, बाजूला व्हा (३)". शेवटचं अक्षर पाडा, उरतं सरका. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला हे उत्तर सांगावं लागत नाही. कडक शिस्तीचे लोक म्हणतील 'शेवटी पडलं' नको, 'शेवट पडला' हवं. म्हणोत. 'बिनडोक' शब्द दिसला की मात्र पहिलं अक्षर उडवायचं, त्यात वादच नाही.

दुहेरी अर्थाच्या क्लूत अक्षरांचा खेळच नसतो, दोन अर्थ फक्त शेजारी बसवलेले असतात: "वांद्र्याच्या पुढची झाडावर सरसर चढते (२)". खार, स्टेशनही आणि प्राणीही. असा क्लू बहुधा आखूड असतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी इंग्रजी कोड्यांच्या पुस्तकात मिळणार नाही. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. 'कडा' उलटवून 'डाक' करायची असेल आणि वाक्यात 'कड्यावरून' आलं, तर खेळच मोडतो. म्हणून रचणाऱ्याला खेळातला शब्द शक्यतो उघडाच ठेवावा लागतो, विभक्तीचा वारा न लागू देता. 'बार'सारखे शब्द सुदैवी, त्यांना 'मध्ये' चिकटलं तरी ते तसेच राहतात. सोडवणाऱ्याच्या दृष्टीने हा फायदाच: वाक्यात एखादा शब्द अवघडून उभा वाटला, बोलताना आपण तिथे वेगळं रूप वापरलं असतं असं वाटलं, की माल तिथेच आहे समजा.

इंग्रजीकडे वळलात की हेच खेळ भेटतात, फक्त घराघरात एकेक सुटं अक्षर. शिवाय काही ठरलेली चलनी नाणी असतात, ती पाठ करावी लागतात. दिशा म्हणजे एन, एस, ई, डब्ल्यू. क्रिकेटमधली मेडन ओव्हर म्हणजे एम, डक म्हणजे शून्य, म्हणून ओ. ऑन म्हणजे लेग. नाविक म्हणजे टार किंवा ए-बी. कामगार म्हणजे अँट (मुंगी), बी (मधमाशी) नाहीतर हँड. रोमन आकडे तर शाळेतच येऊन गेलेत. फ्लॉवर दिसलं की बागेत शिरू नका, जी 'फ्लो' होते ती नदीही फ्लॉवरच. विरामचिन्हांवर आणि मोठ्या अक्षरांवर अजिबात विश्वास ठेवू नका. ती वाक्य देखणं दिसावं म्हणून असतात. उच्चारावरचे क्लूही तिथे खूप. आपल्याकडे लिहितो तसंच वाचत असल्यामुळे फार तर दिन आणि दीन एवढीच गंमत उरते.

सोडवताना एक आडवापासून ओळीने जाऊ नका. आधी सगळे क्लू भरभर वाचून काढा आणि लपवलेले व पिंजलेले तेवढे उचला. मग त्यांना छेदणारे घ्या. अडलात तर क्लूचं पहिलं टोक झाकून शेवटचे दोन-तीन शब्द अर्थ म्हणून वाचा, मग उलट करा. तरी नाही सुटलं तर पेपर घडी करून पिशवीत टाका. कुर्ल्याला न दिसलेलं भायखळ्याला दिसतं, का ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून येतात तेव्हा न सुटलेल्या प्रत्येक क्लूचा खेळ उकलूनच पुढे जा. खरं शिक्षण तिथे होतं, आणि नवशिके नेमकं तेच टाळतात. मोबाइलवर उत्तर काढून घरं भरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

तीन क्लू तुमच्यासाठी सोडते. पहिला सोपा: "सार उलटलं, कालवण झालं (२)". दुसऱ्यात एक पायरी जास्त आहे, आधी समानार्थी शब्द शोधायचा, मग फिरवायचा: "वेल मागे वळली की ठेका (२)". तिसऱ्यात हिशेब चुकल्यासारखा वाटेल, पण तो मी दोनदा तपासलाय: "आठ आणि बटाट्याचा एक, सात दिवस (४)".