नावेतली ऊब आणि आंघोळीचं पाणी

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद नाव, घेऊन राहावं, असं सातारा-सांगलीकडून आलेल्या बऱ्याच जणांच्या मनात येतं. शहरातली घरभाडी पाहता ते साहजिकच आहे. पण नाव बघायला गेलात की रंग आणि फर्निचर नंतर बघा. आधी विचारा, केबिन कशावर तापते आणि पाणी कशावर?

घरच्या गिझरची सवय इथे चालत नाही. नाव धक्क्यावरच्या विजेला जोडलेली असेल तर प्रश्न नाही. नाहीतर सगळी भिस्त बॅटऱ्यांवर. ६० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास ३ युनिट वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून ती काढायची म्हणजे २३० अँपिअर-तासांवर गेलं. एका आंघोळीपायी घरातले दिवे जातील.

म्हणून कॅलोरिफायर, म्हणजे गरम पाण्याची टाकी, असलेली नाव शोधा. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी या टाकीतल्या वेटोळ्या नळीतून फिरतं आणि त्या उष्णतेवर टाकीतलं पाणी तापतं. नाव हलली की पाणी फुकटात गरम. ज्यांना कायमचा धक्का नाही, त्यांना एका जागी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पण रोज कोण नाव हलवणार? मग इंजिन नुसतं चालवायचं, आणि तेही नांगरलेल्या जागी रात्री ८ ते सकाळी ८ बंद. पहाटे आंघोळ करणाऱ्यांनी संध्याकाळीच पाणी तापवून ठेवावं.

उबेसाठी माझं मत कोळशाच्या शेगडीला. मागे बॉयलर बसवलेली मिळाली तर सोडू नका; ती म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबच, एका जाळावर खोलीही तापते आणि पाणीही. डिझेल हीटर जोडीला ठेवा, मात्र थोडा थोडा वेळ चालू-बंद केला की त्याच्या आत काजळी धरते. धुराडं नसलेला गॅस हीटर नकोच. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ केबिनमध्ये येते आणि गार लोखंडावर पाझरते. इथल्या थंडीपेक्षा ही ओलच जास्त छळते. सिलिंडर हिवाळ्यात प्रोपेनचाच घ्या, शून्याच्या आसपास ब्युटेनचा गॅस होत नाही.

आता जिवाचं. गारठा लागतो म्हणून हवेच्या जाळ्या कापडाने बुजवू नका, कितीही वारा येवो. शेगडीतली राख विझल्यासारखी दिसली तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते, तिची बादली लगेच बाहेर. या वायूचा अलार्म नावेत असणं २०१९ पासून सुरक्षा तपासणीत सक्तीचं आहे. बटण दाबून तो वाजतो का, हे स्वतः बघा. तपासणीचं प्रमाणपत्र ४ वर्षांपर्यंत चालतं, त्यामुळे त्यावरून आजची अवस्था कळत नाही. बयाणा देण्याआधी नावेवरच्या गॅसकामाची पात्रता असलेल्या, गॅस सेफ या तिथल्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या कारागिराकडून सगळं तपासून घ्या.